वाडीवर राहिलेला टेप

आमच्या घरी सकाळी दोन गोष्टी साफ कराव्या लागायच्या. एक आण्णांच्या गळ्यातली नळी आणि दुसरा टेप. कापूस दोन्हीला एकाच गुंडाळीतला, दवाखान्यातून आणलेला. नळीला उकळून गार केलेलं पाणी आणि टेपच्या हेडला स्पिरिट, एवढाच काय तो फरक. आधी आण्णा, मग टेप, मग माझी शिवणाची मशीन, मग चहा. शेजारच्या काकू दारातून बघत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बया, तुला काईच कसं वाटत न्हाई गं?" खरंच काही वाटत नव्हतं. लोकांना बरं वाटावं म्हणून खोटं कशाला सांगू? बापाच्या गळ्याला भोक पडलेलं, मी त्याच्या कडेचा चिकटा पुसतेय, आणि मनात काय, तर त्या पिवळ्या ब्लाउजला हुक लावायचे राहिलेत.

आण्णा म्हणजे माझे वडील. भोरात पाण्याच्या टाकीवर कामाला होते, सकाळी पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं. पण वेल्ह्यापासून वर पासलीपर्यंत त्यांना कुणी टाकीवाले म्हणून ओळखत नसे. आमच्या समाजानं बौद्ध दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन उमेदीत होते. पाली वंदना त्यांनी पाठ केली आणि गावोगाव पायी फिरून ती लोकांना शिकवली. लग्न असो, नामकरण असो, मयत असो, आण्णांना बोलावणं यायचंच. आमच्यात लग्न लावणारा एक ओळ म्हणतो आणि मांडवातली सगळी माणसं ती ओळ त्याच्यामागून म्हणतात. त्रिसरण तसं, पंचशील तसं. म्हणजे सगळा खेळ आवाजाचा. आण्णांचा आवाज असा, की मांडवामागं चूल सांभाळणाऱ्या बायका हातातला झारा तसाच धरून म्हणायला लागायच्या.

मग घसा बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणी सांगितलं म्हणून अडुळशाचा काढा झाला. शेवटी पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, काढावी लागेल, आणि तिच्याबरोबर आवाज जाईल. आण्णांनी एवढंच विचारलं, "कवा?" त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेला साधा असा तो जवळजवळ शेवटचाच शब्द.

आण्णांचे एक चुलतभाऊ मुंबईला गोदीत होते. त्यांनी कुठून तरी एक परदेशी टेप पैदा केला आणि एसटीनं स्वतः घेऊन आले. तेव्हा भोरात कॅसेटचा टेप असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. ते म्हणाले, "दादा, डागतराच्या आदी आवाज भरून ठेव." मग एका सकाळी आम्ही खिडक्या लावल्या, स्टोव्ह बंद केला, आणि मी दोन बटणं एकदम दाबून धरली. आण्णा एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे, मांडवातली माणसं ती ओळ म्हणतील एवढा वेळ. त्या मोकळ्या जागेत ते नुसते ओठ हलवून मोजत. आम्हाला ताकीद होती, हूं की चूं करायचं नाही. एका मोकळ्या जागेत कोंबडा आरवलाय, एकात स्टँडवरच्या गाडीचा भोंगा आहे.

चौथ्या शीलाच्या आधी आण्णा भलत्याच ठिकाणी थांबले. आवंढा गिळायला. तो आवंढा काही केल्या जाईना. त्यांनी गुडघा असा घट्ट आवळून धरला, की नखं पांढरी पडली. मी कॅसेटची चाकं फिरताना बघत राहिले. मग त्यांनी गिळलं, टेपमध्येही ऐकू येईल असं, आणि पुढचं म्हटलं. सगळं झाल्यावर आई म्हणाली, "पुन्यांदा भरा की, मधी थांबलात." आण्णांनी मान हलवली. आता नाही व्हायचं. मी कॅसेटच्या पाठीमागचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरायला नको. तेवढी एकच कॅसेट. दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची तर दुसरा टेप लागतो, आणि तो आम्हाला देणार कोण?

ऑपरेशन झालं. आण्णा घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. जेवण समोर ठेवलं की ताटाकडं बघायचे सुद्धा नाहीत. आई त्यांच्या पाठीशी बोलायची, पुढं पुढं तीही बोलायची थांबली. घर कसं मुकंच होऊन बसलं. अशात पलीकडच्या गावातलं एक लग्न आलं, आणि मुलीचा बाप हट्टालाच पेटला, आण्णाच पाहिजेत. आम्ही टेप घेऊन गेलो. आण्णा पांढरा सदरा घालून पुढं बसले आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. आवाज आला. माणसं त्याच्यामागून म्हणायला लागली. लग्न लागलं, लोकांनी "जयभीम आण्णा" म्हणत हात धरले. परत येताना कापूरहोळला गाडीची वाट बघत होतो, तिथं आण्णांनी माझ्या दंडाला धरलं आणि भज्यांच्या कढईकडं बोट दाखवलं. अख्खी डिश खाल्ली, मऊ मऊ भजी निवडून निवडून.

तेव्हा मला हिशेब समजला. टेप चालू, तर आण्णा चालू. म्हणून मी टेप जपायला लागले. प्रेमानं बिमानं नाही. चूल विझू द्यायची नसते, तशी.

मशीनशी माझी ओळख होती, पण ती शिवणाच्या. पहिल्याच आठवड्यात मी हुशारीनं टेपमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडलं आणि ते रबरी चाकावर उतरून फीत घसरायला लागली. पुसून पुसून माझी बोटं झिजली. तेव्हापासून तेलाच्या नावानं कानाला खडा. बाकी मग सगळं शिकत गेले. आवाज दबका आला, की फीत जिथं घासत जाते ते हेड मळलं समजायचं. कॅसेटच्या आतली फीत ढिली पडली, की पेन्सिल घालून ओढून घ्यायची. फीत दमट झाली, की कॅसेट हातावर आपटून एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला फिरवून घ्यायची. आवाज जड आला तर आधी सेल बघायचे. खेड्यात वीज कुठली, सगळं सेलवरच. आणि बरेच दिवस टेप लावायचा नसेल तर सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते आतल्या आत पाझरतात आणि मशीन खातात. हे मी आण्णांना इतक्यांदा सांगितलं होतं, की मी तोंड उघडलं की ते दोन बोटांची चिमटी करून काहीतरी उपसून काढल्यासारखं दाखवायचे. चिडवायचे मला. बापाला आवाज राहिला नव्हता, पण खोडी होतीच.

आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत आमच्यात वर्षावास पाळतात. रोज संध्याकाळी माणसं जमून वंदना म्हणतात. पासलीच्या वरच्या अंगाला आमच्या लोकांची एक वाडी आहे, तिथं आण्णा दरवर्षी वर्षावासाला चार-आठ दिवस जाऊन यायचे. त्या साली जाणं शक्यच नव्हतं. पाऊस लागला, की वेल्ह्याच्या पुढं सगळी चिखलवाट, आणि गळ्याच्या भोकात पाणी गेलं तर संपलंच. तर वाडीचे कारभारी घोंगडं पांघरून आमच्या दारात. म्हणाले, "आण्णा, तुमचं येनं न्हाई हुयाचं, आमाला समजतंय. पन आवाज तरी द्या. सुना नव्या, पोरं नवी. वंदना कुनालाच धड येत न्हाई."

मी म्हटलं, "टेप मिळायचा न्हाई." आण्णांनी टाळी वाजवली, म्हणजे मी गप्प बसायचं, आणि टेप उचलून कारभाऱ्यांच्या मांडीवर ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात. पण बापापुढं काय चालतंय? दात-ओठ खात मी सगळं समजावून दिलं. पाणी लागू द्यायचं नाही. ओल चालत नाही. घरातल्या सगळ्यांत कोरड्या जागी ठेवायचा. कारभाऱ्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हटलं आणि टेप लहान लेकरासारखा घोंगड्यात घेतला.

दिवाळीच्या सुमारास टेप परत आला. नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेला, सोबत पायलीभर आंबेमोहोर. मी टॉवेल सोडला आणि बघतच राहिले. टेप काळा ठिक्कर. वास असा, जसा काही सुक्या बोंबलांबरोबर टांगलेला.

"कुठं ठेवलावता ह्यो?"

"चुलीवरच्या माळ्यावर," कारभारी म्हणाले. "तुमीच म्हनला न्हवं, कोरड्या जागी. पावसाळ्यात आमच्या हितं तीच येक जागा कोरडी. मीठ म्हना, काडेपेटी म्हना, बियानं म्हना, समदं तितंच. पानी म्हनून लागू दिलं न्हाई."

"आणि सेल?"

"सेल उतरलं की निखाऱ्यापाशी शेकवायचो. ऊन कुठनं आनायचं? पन येक दीस खाडा न्हाई क्येला. रोज लावला."

आता ह्या माणसावर ओरडायचं तरी कसं? मी सांगितलं होतं कोरडी जागा, त्यांनी त्यांच्या जगातली सगळ्यांत कोरडी जागा दिली. मिठाच्या शेजारी बसवला. मी नवे सेल घातले आणि बटण दाबलं. आण्णा तिथंच बसले होते.

आवाज आला तो पाकातून वर काढल्यासारखा. जाड, ओढलेला, एकेक अक्षर पाय ओढत चाललेलं. आण्णांचाच, पण जसा काही कुणी त्यांना झोपेतून उठवून म्हणायला बसवलंय. कारभाऱ्यांना त्यात काहीच वावगं दिसेना. डोळे मिटून ऐकत होते बिचारे. आण्णांनी तिसऱ्या ओळीलाच बटण दाबून बंद केलं, उठले, आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात दोन लग्नांची बोलावणी आली, त्यांनी हातानंच परत पाठवली. ताट पुन्हा तसंच्या तसं परत यायला लागलं. आई चुलीपुढं बसून माझ्याकडं बघायची. बोलायची नाही, नुसती बघायची. आणि मला? मला काही नाही. मी स्क्रू काढायला घेतले.

काजळी कुठं कुठं बसली होती म्हणून सांगू! हेडवर थर, रबरी चाकावर थर. कापूस काळा निघत होता तोवर पुसत राहिले. आवाज जरा उघडला, पण ओढ काही गेली नाही. शेवटी आतला पट्टा बघितला. मोटरचं फिरणं चाकाला पोचवणारा एक बारीक रबरी पट्टा असतो. चुलीच्या उबेनं तो ढिला पडून लोंबत होता. आता शिवणयंत्राला पट्टा असतो आणि तो मी डोळे मिटून बदलते, म्हणून मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना? मी परकराचं इलास्टिक घेतलं, मापानं कापलं, टाका मारून जोडलं आणि बसवलं. प्रत्येक फेऱ्याला तो टाका चाकावरून जायचा आणि आण्णांचा आवाज उचकी लागल्यासारखा उडायचा. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बंद कर ते."

कापूरहोळला रस्त्याकडेला रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथं गेले. त्यानं टेप उलटासुलटा केला, हलवून बघितला, कानाला लावला, आणि सायकलच्या ट्यूबची कड कापून बसवून दिली. तिच्यावर आण्णा इतके पळायला लागले, की जणू मागं कुत्रं लागलंय. आगीतून निघून फुफाट्यात! शेवटी शिवणाचं सामान आणायला पुण्याला गेले तेव्हा जुना पट्टा रुमालात बांधून नेला. सात दुकानं पालथी घातली असती, पण तिसऱ्यातच मिळाला. घरी येऊन बसवला, बटण दाबलं, आणि आण्णांचा आवाज जसाच्या तसा आला. खणखणीत. कोंबडासुद्धा वेळेवर आरवला. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते ते हळूच ह्या कुशीवर वळले.

त्या उन्हाळ्यात कारभाऱ्यांच्या नातीचं लग्न निघालं, वाडीवरच. आण्णांनी सदरा स्वतः काढला, स्वतः झटकला. वेल्ह्यापर्यंत एसटी आणि पुढं बैलगाडी. टेप माझ्या मांडीवर, मी कुणाला हात लावू दिला नाही. आण्णा रस्ताभर तोरण्याकडं बघत होते आणि बोटानं गुडघ्यावर ठेका धरत होते. मी मनात म्हटलं, जमलं बाई.

मांडवात सगळी वाडी बसलेली. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. आण्णांनी बटण दाबलं. त्रिसरणाची पहिली ओळ आली, सरळ, स्वच्छ. मोकळी जागा आली. आणि वाडी म्हणायला लागली.

लांब. संथ. एकेक अक्षर पाय ओढत. त्यांची निम्मी ओळ झाली नाही तोच टेपमधली दुसरी सुरू झाली. माणसं गडबडली, थांबली, पुन्हा म्हणायला लागली, तोवर तिसरी. दोन आवाज एकमेकांच्या पायात पाय घालून पडायला लागले. वऱ्हाडी मंडळी भोरची, त्यांच्यातलं कोणीतरी फिस्सकन हसलं. कारभाऱ्यांची म्हातारी पुढंच बसली होती. ती हात वर करून म्हणाली, "आण्णा, आज लई घाई करताय वं. तुमीच तर शिकिवलं आमाला, दमानं म्हनायचं. अख्खा पावसाळा शिकिवलंत."

मी उठलेच. "अहो आजी, ते शिकवलेलं न्हवतं, ते पट्टा ढिला—" आण्णांनी टाळी वाजवली. मी खाली बसले.

आण्णांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. म्हातारीकडं, सुनांकडं, पोरांकडं. मग त्यांनी टेप बंद केला आणि हात वर करून खूण केली, म्हणा.

वाडी म्हणायला लागली. पुढं म्हणणारं कुणी नाही, टेप नाही, काही नाही. बायकांनी सूर धरला आणि बाकीचे आले. त्या ढिल्या पट्ट्याच्या चालीत, सावकाश, त्रिसरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. आण्णा ओठ हलवत होते. ही चाल मशीनच्या बिघाडाची आहे, हे त्या मांडवात मला आणि आण्णांनाच माहीत होतं, आणि मला तेवढ्याचाच राग येत होता.

तिसरं शील झालं आणि सगळी वाडी थांबली. एकदम. म्हातारी थांबली, सुना थांबल्या, पुढच्या रांगेतली शेंबडी पोरं थांबली. त्या पोरांनी मान जरा पुढं केली आणि आवंढा गिळला. मोठ्यांनीही गिळला. नीट, सावकाश, तो काही केल्या जात नाही असा. मग चौथं शील म्हटलं.

ती जागा मी हेड पुसताना, पट्टा बदलताना किती वेळा ऐकली असेल, कुणास ठाऊक. दर वेळी माझं लक्ष चाकाकडं. त्या दिवशी चाक बंद होतं. मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी गुडघा आवळून धरला होता आणि नखं पांढरी पडली होती.

लग्न लागलं. माणसं "जयभीम आण्णा" करून जेवायला उठली. आण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. टेपकडं बोट केलं, मग दोन बोटांची चिमटी करून काहीतरी उपसून काढल्यासारखं दाखवलं. चिडवत नव्हते.

मी मागचं झाकण उघडलं आणि सेल काढले. नवे होते, एकदाच लावलेले. ते ओच्यात धरून मी मांडवाच्या मागं गेले, चुलीपाशी, आणि मोठ्यानं रडले. माझ्या आण्णांचा आवाज गेला होता. भात उतरवणारी बाई हातातलं टाकून माझ्याकडं आली आणि तिनं मला विचारलं, "काय झालं गं बाय?" मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग, ते तर लई दिसांपूर्वी झालं," आणि माझं डोकं आपल्या खांद्याशी धरलं.